सावनदुर्गावर चुकलेली गणती

लग्नाआधी सहा वर्षं मी यशवंतपूरच्या पुढे वीजमीटरच्या एका कारखान्यात कामाला होते. तपासणी विभागात. माझ्यासमोर पितळी चकत्यांचे ट्रे यायचे. ट्रे हातात घेऊन जरा तिरका केला की त्यात चकत्या कमी आहेत की जास्त, ते मला कळायचं. मग मोजून खात्री करायची. बोलायचे मराठीत, पण मोजायचे कन्नडात, कारण शाळा कन्नड. खोटं कशाला सांगू, माझी गणती कधी चुकत नाही याचा मला फार अभिमान होता.

आमचं घर चिकपेटेत, कापडाच्या दुकानांमागच्या बोळात. घराणं इथलंच, कितीतरी पिढ्यांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मुलगी कारखान्यात जाते हे अप्पांनी कसंबसं पचवलं होतं. डोंगर चढायला जाते हे पचवणं अवघड होतं, म्हणून आईने त्यांना ‘कारखान्याची सहल आहे’ एवढंच सांगितलं होतं.

सहल कारखान्याचीच होती, पण नुसती डबे खायची नव्हे. कारखान्याच्या क्लबाने महिन्यातून एका रविवारी डोंगर चढायचा उपक्रम काढला होता. त्याचे पुढारी आमचे फोरमन. सैन्यात पूल बांधणाऱ्या पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, राजाजीनगरात राहायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बस सुटायच्या आधी ते प्रत्येकाचे बूट उलटे करून तळवे बघत, पाण्याची बाटली हलवून बघत आणि डोंगरावर कोणालाही आपल्या पुढे जाऊ देत नसत. पहिल्याच वेळी त्यांनी मला बोलावलं.

‘‘बघ अम्मा, तू मोजण्यात पक्की. माणसं मोजायचं काम तुझं. वर पोचल्यावर, अर्ध्यात आणि पायथ्याशी. तू आकडा सांगितल्याशिवाय बस हलणार नाही.’’

मी भावाचे कॅनव्हासचे बूट घालायचे आणि आईचं नऊवारी लुगडं कासोटा मारून नेसायचे. पाच डोंगर केले. पाचही वेळा आकडा बरोबर आला.

सहावा डोंगर सावनदुर्ग, मागडीकडचा. एकच अखंड खडक, हत्तीच्या पाठीसारखा गुळगुळीत, मध्ये मध्ये जुन्या किल्ल्याच्या भिंती. त्या दिवशी आम्ही चोवीस जण होतो, त्यातल्या सात बायका. सातवी कँटीनमधली अक्का. निपाणीकडची, पंचेचाळिशीची, अंगाने भरलेली. नवरा गेल्यावर भावाकडे बंगळूरला आली आणि कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागली. कारखान्यात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं, माझं ऐकून तिला. माझ्यामुळेच ती आली होती. ‘‘जन्मभर डोंगर खालनंच बघितला, एकदा वरनं बघू दे,’’ म्हणाली होती.

चढताना काही झालं नाही. खडक तापायच्या आत वर पोचलो. वरच्या नंदीच्या मंडपात सावलीला बसून चित्रान्न आणि दहीभात खाल्ला. तिथे मागडीचे एक शाळामास्तर भेटले. खालच्या देवळात नवस फेडून एकटेच वर आले होते. पांढरा सदरा, खाकी पँट, आमच्या माणसांसारखाच वेश. अण्णांनी त्यांना आग्रहाने बसवून घेतलं, भात वाढला. मास्तर बोलके. उतरताना आमच्याबरोबरच निघाले आणि कोणाशी ना कोणाशी बोलत खालपर्यंत आले.

वर पोचल्यावर मी मोजलं होतं, तेव्हा मास्तर भेटायचे होते. चोवीस. अर्ध्यात थांबलो, तेव्हा सगळे भिंतीच्या सावलीत दाटीने बसले होते. पोरं चेष्टामस्करी करत होती, मीही हसत होते. मोजलं. चोवीस. पायथ्याशी मोजलं. चोवीस. अण्णांना ओरडून सांगितलं, ‘‘सरी, अण्णा! सगळे आहेत.’’

मग सगळे बसमध्ये चढले. सवयीने मी दारात उभी राहून सीटांवरून नजर फिरवली. तेवीस.

पुन्हा मोजलं. तेवीस. मला वाटलं, कोणीतरी खाली वाकलंय. तेवढ्यात खिडकीबाहेरून कोणीतरी म्हणालं, ‘‘बरतीनि अम्मा, येतो मी.’’ बाहेर मास्तर हात जोडून उभे होते.

 चोविसावा माणूस तो होता. म्हणजे अर्ध्यापासून आमचं एक माणूस आमच्यात नव्हतं, आणि मी दोनदा छातीठोकपणे सगळे आहेत म्हणून सांगितलं होतं.

‘‘अण्णा, एक जण कमी आहे,’’ मी म्हणाले.

‘‘कोण?’’

 आकडा माझ्याकडे होता, नाव नव्हतं. कोणाकडे यादीच नव्हती. सगळे माना वळवून एकमेकांकडे बघायला लागले. चांगली दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग मागच्या सीटवरची एक मुलगी म्हणाली, ‘‘अय्यो, हा डबा माझ्याकडेच राहिला! कँटीनच्या अक्का कुठायत?’’

चार-पाच पोरं लगेच बसमधून उड्या मारून डोंगराकडे धावली. अण्णांनी त्यांना असं खडसावलं की ती जागीच थांबली. ‘‘एक हरवलंय, आता पाच हरवायची आहेत? परत या. बसा.’’ त्यांचा आवाज चढला तेवढा त्या एका वाक्याला, पुढे नाही. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: अक्काला शेवटचं कुठे पाहिलंस? वर नंदीपाशी सगळ्यांनीच पाहिलं होतं. अर्ध्यातल्या भिंतीपाशी कोणीच नाही. डबेवाली मुलगी म्हणाली, ‘‘भिंतीच्या आधी मोठ्या मोठ्या शिळा आहेत ना, तिथे त्यांनी डबा माझ्या हातात दिला. ‘तू हो म्होरं’ म्हणाल्या. मी गेले.’’

‘‘मग तिथून शोधायचं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मी, ड्रायव्हर, मास्तर आणि ही अम्मा. बाकी कोणी बस सोडायची नाही.’’

दुपारचे तीन वाजले असावेत. खडक असा तापला होता की हात टेकवत नव्हता.   शिळांपाशी पोचल्यावर ते, ड्रायव्हर आणि मास्तर तोंडाला हात लावून हाका मारू लागले. हाका पलीकडच्या कड्यावर आपटून परत यायच्या. बाकी काही नाही. मास्तर उताराच्या कडेने खाली वाकून बघू लागले, तसा माझा धीर सुटायला लागला.

मग माझ्या मनात आलं, डबा दुसरीच्या हातात देऊन ‘तू हो पुढे’ असं बाई केव्हा म्हणते? हे मला सकाळीच सुचायला हवं होतं. सकाळपासून सात बायका सतरा पुरुषांबरोबर डोंगरावर. पुरुष हवं तेव्हा झाडाआड जात होते. आमच्यासाठी कुठे थांबायचं, हे अण्णांना सुचलं नव्हतं आणि मी बाई असून मलाही सुचलं नव्हतं. आम्ही बायका पाणीच पीत नव्हतो, झालं.

मी ठरवलं, मला जायचं असतं तर कुठे गेले असते? वाटेवरून दिसणार नाही अशा बाजूला. डाव्या हाताला दोन शिळांच्या मधून एक फट खाली झुडपांत जात होती.

‘‘अण्णा,’’ मी म्हणाले, ‘‘तुम्ही तिघं इथेच थांबा. हाका मारू नका. आणि तोंड तिकडे करा.’’

अण्णांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता पाठ फिरवली. बाकीच्या दोघांनाही फिरवलं.

मी फटीतून बसत सरकत खाली गेले आणि हळूच, घरात बोलतात तशा आवाजात म्हणाले, ‘‘अक्का, मी एकटीच आलेय. इथे पुरुष कोणी नाही.’’

 मग झुडपांतून आवाज आला, ‘‘मी हितं हाय, पोरी.’’

ती माझ्यापासून दहा-बारा हातांवर होती. शेवाळ वाळलेल्या दगडावरून पाय घसरून खालच्या खोबणीत पडली होती. डावा पाय घोट्यापाशी सुजून टम्म झालेला. लुगडं फाटलेलं, ते तिने कसंबसं अंगाभोवती आवळून धरलं होतं. इतका वेळ मारलेल्या सगळ्या हाका तिने ऐकल्या होत्या.

‘‘ओ का नाही दिलीत?’’ मी जवळजवळ रडत विचारलं.

‘‘अशी ही अवस्था,’’ ती म्हणाली. ‘‘गडी मानसं हाका मारत व्हती. कसं वरडू? म्हटलं, तू येशील.’’

‘‘आणि मी आले नसते तर?’’

‘‘आली न्हवं?’’ तिने माझ्याच पदराने माझं तोंड पुसलं. पाय तिचा मोडलेला आणि समजूत माझी काढत होती.

मी कमरेला बांधलेला पंचा सोडून तिला गुंडाळून दिला, लुगडं नीट केलं, उरलेलं सगळं पाणी पाजलं. मग अण्णांना हाक मारली. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून त्याची घट्ट सुरळी केली, ती पायाच्या दोन्ही बाजूंनी लावून पट्टीने बांधली. आता तिला खाली न्यायचं कसं? ड्रायव्हर पाठुंगळी घ्यायला तयार होता, ती हात लावू देईना. मास्तर म्हणाले, ‘‘थांबा,’’ आणि खाली गेले. देवळातले पुजारी त्यांच्या ओळखीचे. अर्ध्या तासाने ते पुजाऱ्यांची लाकडी खुर्ची, दोन बांबू आणि देवळातले दोन मानकरी घेऊन आले. खुर्चीला दोन्हीकडून बांबू बांधले आणि अक्काला त्यात बसवलं. अण्णा पुढे चालत एकेक पाऊल कुठे टाकायचं ते सांगत होते. चारदा थांबून, खांदे बदलत, दिवस मावळायच्या आत आम्ही पायथ्याशी आलो. बसमधले सगळे खाली उतरून उभे होते. खुर्चीवरून येणाऱ्या अक्काला बघून कोणीतरी हात जोडले, तशी ती म्हणाली, ‘‘नारळ कुठाय माझा?’’ आणि सगळे हसले. मी मात्र त्या हसण्यात मोजलं. आधी आमची माणसं नावाने, मग मास्तर वेगळे.

सोमवारी क्लबाची बैठक झाली. अक्काच्या घोट्याला प्लास्टर होतं, ती घरी. क्लबाचे सेक्रेटरी हिशेबी आवाजात म्हणाले, ‘‘यापुढे बायकांना न्यायला नको. सोपा उपाय.’’ दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

मी उठून उभी राहिले. त्या खोलीत तोवर एकही बाई उभी राहून बोललेली नव्हती.

‘‘चूक बायकांची नव्हती, सर,’’ मी म्हणाले. ‘‘गणती मी चुकवली. चकत्या सगळ्या सारख्या असतात, म्हणून नुसतं मोजून भागतं. माणसं तशी नसतात. यापुढे माझ्याकडे नावांची यादी राहील. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि मी विचारेन ते ‘जोडीदार आहे का?’ असं. शेवटच्या माणसाच्या गळ्यात शिट्टी. निघण्याआधी, अर्ध्यात आणि वर, बायकांसाठी थांबायचं. ते चोरून नाही, मोठ्याने सांगून थांबायचं. आणि ते अण्णा सांगतील.’’

‘‘मी?’’ अण्णा चपापले.

‘‘तुम्हीच. तुम्ही सांगितलंत, म्हणजे कोणाला लाज वाटणार नाही.’’

अण्णांनी चष्मा काढून पुसला. ‘‘सरी,’’ म्हणाले. ‘‘चूक निम्मी माझीही आहे. मी आयुष्यभर पुरुषांनाच डोंगरावर नेलं.’’ मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, ‘‘ती जे म्हणाली ते लिहून घ्या. आणि तिने लिहिलेलं पाळलं जाणार नसेल, तर मीही येणार नाही.’’

लिहून घेतलं गेलं.

पहिल्या वेळी अण्णांनी ‘आता बायकांसाठी थांबायचं’ हे वाक्य उच्चारलं, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. तिसऱ्या वेळेपर्यंत कोणाला काही वाटेनासं झालं. घोटा बरा झाल्यावर अक्का पुन्हा आली आणि तिने ते काम अण्णांकडून काढूनच घेतलं. ‘‘चला गं समद्या माझ्यासंगं!’’ अशी तिची हाक सगळा डोंगर ऐकायचा. त्या वर्षी आमच्यातल्या बायका सातावरून पंधरा झाल्या.

मी कारखाना सोडायच्या आदल्या वर्षी एक नवे साहेब आमच्याबरोबर आले. चामड्याच्या तळव्यांचे नवे कोरे बूट, पॉलिश केलेले. मी बसच्या दारातच त्यांना बूट उलटा करायला सांगितलं.

‘‘सर, या बुटांनी खडकावर येता येणार नाही.’’

‘‘नियम आहे का असा?’’

‘‘आहे.’’

‘‘कोणी केला?’’

‘‘मी,’’ मी म्हणाले आणि यादीत त्यांच्या नावापुढे ‘पायथ्याशी’ असं लिहिलं.

त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा बाटल्या हलवून बघण्यात गुंतले होते. साहेब दिवसभर पायथ्याशी झाडाखाली पेपर वाचत बसले. पुढच्या महिन्यात कॅनव्हासचे बूट घालून आले, आणि बसमध्ये चढण्याआधी स्वतःच त्यांनी तळवे वर करून दाखवले.