आकडे झाकणारा हात

निर्मळ गावातल्या आमच्या किराणा दुकानात मी कार्डाचं मशीन आणलं, तेव्हापासून वडिलांना त्याचा संशय होता. गिऱ्हाइकाने कार्ड घातलं की ते मशीनकडे टक लावून बघत आणि माझ्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत मालाची पिशवी हातातून सोडत नसत.

एकदा शेजारच्या आळीतल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्याशी इतका जुना घरोबा, की वडील माल काढायला आत गेले तर उघडा गल्ला त्यांच्याच भरवशावर असे. त्यांनी कार्ड घातलं आणि पिन दाबताना दुसऱ्या हाताने बटणं झाकली.

वडिलांचा चेहरा उतरला. "बाई, माझ्यापासून लपवता?"

"बँकेनेच सांगितलंय काका, पिन कोणालाही दाखवायचा नाही."

"मी कोणीही झालो का?"

बाई ओशाळल्या. त्यांनी बटणं झाकणारा हात बाजूला घेतला. वडिलांनी मात्र लगेच मान फिरवली आणि पावती बाहेर येईपर्यंत ते रस्त्याकडे बघत उभे राहिले.

बाई गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "तू तर नाही ना पाहिलास?"

मी नाही म्हटलं, तरी ते बराच वेळ माझ्याकडे निरखून बघत होते.