रेघेपलीकडची घरं

हर्षा तायडे फाडकन तोंडावर बोलायची, त्यामुळे शेजारीपाजारी तिला जरा बिचकूनच असत. दोन हजार दहाच्या जनगणनेआधी, विभागांच्या सीमांवर रहिवाशांचं मत घ्यायला सिंगापूरच्या आंग मो किओ वस्तीत एका सरकारी अधिकारी बाईंनी बैठक बोलावली. शेजारचा शैलेंद्र नकाशावर बोट ठेवून कुजबुजला, "हर्षाताई, ही गरिबांची, एका खोलीची भाड्याची घरं आपल्या विभागात नकोत. आपले उत्पन्नाचे आकडे बिघडतात. रेघ अलीकडून घ्यायला सांगू, सगळ्यांच्याच सोयीचं."

हर्षा ताडकन उठली. "सोयीचं? माझ्या आजोबांचा अख्खा जन्म गावकुसाबाहेर गेला. ती रेघही कुणाच्या तरी सोयीचीच होती!"

मग अधिकारी बाईंना तिने इंग्रजीत ठणकावलं, "रेघ अलीकडे आणणार असाल, तर माझ्या दाराच्याही अलीकडे आणा. मला त्यांच्यात मोजा."