नहराला पाणी सुटलं

तन्मय, रिया — गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुमच्या बाबांना नाही, डॉक्टरांना नाही. तुम्हाला लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा पत्र हवापाण्यावर संपवलं. आजीचं सगळं कसं जागच्या जागी असतं, असं तुम्ही म्हणता. हे एक मात्र मी लपवून ठेवलं.

आजोबा इटियाडोह धरणाच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर, नोकरीला होते. पावसानं ओढ दिली की शेतकरी दारात येऊन बसायचे — धानाला पाणी पाहिजे. वरून पाणी सुटल्याचा निरोप आला की अंगात ताप असला तरी आजोबा सायकल काढायचे. विसरण्याचा आजार वाढला, माणसांची नावं गेली, माझंही गेलं — पण तो निरोप राहिला. आंघोळीला नाही म्हणाले की मी म्हणायची, "नहराला पाणी सुटलं, लोक वाट पाहून राहिले." लगेच उठायचे. आंघोळ व्हायची, शर्ट चढायचा, आणि बटणं लावेपर्यंत कुठं निघालो तेच विसरायचे. ही युक्ती मी औषधांच्या वहीत लिहून ठेवली होती. खोटंच होतं, पण त्यानं कुणाचं काय बिघडत होतं?

मग श्रावणातली ती दुपार. तुम्हाला जे ठाऊक आहे ते असं — सात वर्षं आपल्याकडे स्वयंपाक करणारी, आजोबांना सांभाळणारी सयाबाई घरी जाताना फाटकाला कुलूप लावायला विसरली, मी आंघोळीला होते, आजोबा बाहेर पडले. हेच सांगितलं ना मी?

सयाबाई कुलूप लावूनच गेली होती. दुसरी किल्ली माझ्याजवळ होती.

सकाळपासून आजोबा मला विचारत होते — बाई, तुम्ही कोणाकडच्या? कपाटातल्या कपड्यांच्या घड्या त्यांनी तीनदा उपसल्या. तिसऱ्यांदा मी त्या लावत होते तेव्हा माझं मनगट धरून ते म्हणाले, "आमची बायको येऊ द्या, ती तुम्हाला इथं ठेवणार नाही."

मी रडले नाही. गेले, कुलूप काढलं. आणि वर्गात मुलांना सांगायची तशा आवाजात म्हणाले, "पाणी सुटलं. जा."

एक तास हवा होता मला. एवढंच? ते परत आलेच नाहीत तर — हे मनात आलं नव्हतं का? आलं होतं. तरी हाक मारली नाही. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहिलं, आत येऊन बसले. घर किती शांत होतं!

धानाची रोपं लावणाऱ्या, रोवण्यावरच्या बायांना ते नहराच्या उताराखाली, चिखलात पडलेले सापडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. पुन्हा खाटेवरून उठले नाहीत. दिवाळीआधी गेले.

फाटक कुणी उघडं ठेवलं, असं तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं. मी म्हणाले, सयाबाई विसरली. रिया, तू म्हणालीस, आजी, तिला पुन्हा घरात घेऊ नकोस. मी घेतलं नाही. "कुलूप लावूनच गेलती मी, बाई," एवढं ती एकदा म्हणाली. मी तोंड फिरवलं. त्यानंतर गावात म्हाताऱ्या माणसाजवळ तिला कुणी ठेवलं नाही. सायबाला घालवणारी — असं तिच्या तोंडावर म्हणत. मी ऐकलं आहे. माझ्यासमोर म्हणाले, तेव्हाही मी गप्प राहिले. गुडघे गेलेली ती बाई आता दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत वाकून रोवणा करते.

रविवारी तिच्या घरी गेले. तुम्हाला आता लिहिलं तसंच तिला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी मास्तरीण. माहं कोण आयकते?"

मग तिनं सूप खाली ठेवलं. "एक सांगा, बाई. त्या दिवशी सायबाचं ताट मी वाढून झाकून गेलती. जेवून गेले होते का ते?"

नव्हते. तेही मी तिला सांगितलं.