झाकण उघडं राहिलेलं तेल

जाम गावच्या चौकाजवळ त्याचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान आहे. सहा वर्षं मी त्याच्याकडे जातोय, पण त्याचं नाव मला ठाऊक नाही. त्यानंही माझं कधी विचारलं नाही. मी त्याच्यासाठी 'पांढरी गाडी'. बोलताना तो माणसाकडे पाहतच नाही, बॉनेटकडे पाहतो. "हिवाळ्यातबी आठ दिवसांतून दहा मिनिटं एसी लावत जा," हे दर वेळी ऐकवतो, "नाईतर आतलं तेल फिरत नाई."

यंदा मे महिन्यात आईला नागपूरला न्यायचं होतं आणि एसी थंड हवा देईना. त्यानं गळकी रबरी रिंग बदलली. कंप्रेसरमध्ये तेल घालायला गेला, तर डब्याचं झाकण उघडं. जेवायला जाताना तोच विसरला होता.

"हे नाई चालत. ह्या तेलानं हवेतलं पानी पेलं."

"अहो, अर्धा तास तर झाला! कोणाला कळणार आहे?"

"कंप्रेसरले."

हिंगणघाटहून नवा डबा येईपर्यंत दोन तास गेले. मी चिडून शेजारच्या चहाच्या टपरीत बसलो. टपरीचं पत्र्याचं दार सारखं उघडत-मिटत होतं, पण जरासुद्धा करकरत नव्हतं. चहावाल्या बाईंना मी तसं म्हटलं.

"कसं करकरंल? त्याचं झाकण उघडं राह्यलं का ते तेल आमच्या दाराले येते. हापशीच्या दांड्याले, शाळेच्या फाटकाले, सगळ्याईले तेच." बाई हसल्या. "बहुत विसरते बापा तो!"