मंडळाचा हॉल सील केला तेव्हा

“मॅडम, पेटी तरी बाहेर काढू द्या. बंद खोलीत उंदीर भाता कुरतडतील तिचा,” युसूफभाई म्हणाले.

सीलचं सामान घेऊन मी वसमतमधल्या एका कलामंडळाच्या हॉलसमोर उभी होते. मी नगरपालिकेत इंजिनिअर आहे. हॉलच्या छताचं कव्हर गळून पडत होतं. कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. तो गेला की सळई गंजते, फुगते आणि उरलेला स्लॅबही सुटू लागतो. खाली माणसं बसू देणं शक्यच नव्हतं.

पेटी बाहेर आली. पाठोपाठ ढोलकी आणि सतरंज्या. हळदीच्या मार्केटात कामाला जाणाऱ्या सुमनबाई माझ्यासमोर येऊन थांबल्या.

“बंद काहून करून राहिल्या? आमी रोज बसायचं कुठं?”

“घरी करा ना प्रॅक्टिस थोडे दिवस.”

“घरी गाणं व्हय?” त्या हसल्या. मी सील लावलं.

त्या हॉलच्या एका बाजूला हिंदूंची गल्ली, दुसऱ्या बाजूला मुसलमानांची. रोज संध्याकाळी दोन्हीकडची माणसं तिथं जमत. भारूड चाले, कव्वाली चाले. युसूफभाई टेलर. बायको वारलेली, मुलगी सासरी. ते पेटी वाजवत.

काही आठवड्यांनी माझ्या टेबलावर त्याच भागातल्या तक्रारी साचू लागल्या. याने नालीवर फरशी टाकली, त्याने नळाला मोटार लावली. मी साइट पाहायला गेले. भांडणारी दोन्ही घरं मंडळातलीच निघाली.

“पहिले असं काही झालं तर हॉलवरच मिटायचं,” सुमनबाई म्हणाल्या. “शेजारी बसून गायचं म्हटल्यावर किती दिवस तोंड फिरवणार?”

“युसूफभाई काय म्हणतात?”

“गाठच न्हाई हो. दुकान कालपासून बंद दिसलं. मला वाटलं, लेकीकडं गेले.”

आम्ही तशाच त्यांच्या घरी गेलो. दार आतून बंद. हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आतून बारीक आवाज आला. शेजाऱ्यांनी कडी तोडली. भाई न्हाणीजवळ पडलेले होते. आदल्या दुपारी पाय घसरला होता, उठता येत नव्हतं. सुमनबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने तोंड पुसलं, चमच्याने पाणी पाजलं.

“भाई, हाक तरी मारायची!”

“मारली ना. लई मारली.” मग म्हणाले, “हॉल चालू असता तर काल संध्याकाळीच आल्या असत्या तुमी. पेटी कुणी वाजवायची म्हणून.”

रिक्षात त्यांना बसवताना माझ्याकडे बघून ते म्हणाले, “तुमची काही चूक न्हाई, मॅडम. छत खराबच होतं.”

खुब्याला मार लागला होता, पण हाड शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, पाण्याच्या टाकीजवळची स्टोअररूम मंडळाला द्या. हॉल दुरुस्त होईपर्यंत.”

“स्टोअररूममध्ये गाणी?”

“पाइप मागच्या शेडमध्ये हलवू.”

“आपलं काम पाणी आणि नाल्या. हे कशात बसवायचं?”

“नाल्यांच्या तक्रारींत,” मी म्हटलं, आणि आदल्या दिवशी काय झालं ते सांगितलं. साहेबांनी शिपायाला हाक मारून किल्ली मागवली.

पाइप हलवायला दोन्ही गल्ल्यांतली माणसं आली. नालीवर फरशी टाकणारा आणि त्याचा शेजारी एकाच पाइपाच्या दोन टोकांना होते. भाई काठी टेकत आले, तेव्हा सुमनबाईंनी त्यांच्यासाठी घरून खुर्ची आणून ठेवली होती. पुढे हॉलचा स्लॅब उतरवला, वर पत्रे टाकले आणि मंडळ परत आपल्या जागी गेलं. तक्रारी अजूनही येतात, पण कमी.

धोक्याची इमारत मी आजही सील करते. त्यात सवलत नाही. फक्त आतली माणसं उद्यापासून कुठं जमणार, एवढं आधी विचारते आणि मगच कुलूप लावते.