वळणावर वाजणारा ब्रेक

वडील काष्टीच्या शाळेत शिकवायचे आणि आम्ही नगरला सावेडीत राहायचो. शनिवारी शाळा सुटली की ते मोटरसायकलवरून घरी येत. गल्लीच्या वळणावर त्यांनी पुढचा ब्रेक दाबला की तो असा किंचाळायचा की झोपलेली कुत्री उठून बसत. त्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवायची. वडील बूट काढून आत येईपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असायची.

वडील गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली गेली. गेल्या वर्षी शहरात जुन्या वाहनांची फेरी निघाली, तेव्हा ती मी टेम्पोत घालून मैदानावर नेली. ‘वारसा’ हा शब्द त्या दिवशी इतक्यांदा उच्चारला गेला की गाड्यांनाही संकोच वाटला असेल. तीन भाषणांनंतर पाहुण्यांनी झेंडा दाखवला. आम्ही निघालो, पुढचा गाडीवाला थांबला, मला मात्र थांबता येईना. ब्रेक किंचाळला, पण धरला नाही, आणि मी पाहुण्यांच्या फ्लेक्सवर जाऊन आदळलो. खऱ्या पाहुण्यांना काही झालं नाही. फ्लेक्सवरच्यांच्या पोटाला हँडलने भोक पडलं.

गाडी तशीच काष्टीला पाठवली. वडिलांच्या वेळचे मिस्त्री अजून तिथे दुकानात बसतात. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “झाली की चालवत आण. शनिवारी.”

मिस्त्रींनी चाक खोललं. “ह्या जुन्या ब्रेकात चाक धरनारे शू दोन, पन जोर लावनारा एकच. दुसरा नुसती हजेरी लावतो. सरकारी नोकरीत हाय जनू.”

त्यांनी भंगारातल्या एका गाडीची दोन कॅमची प्लेट शोधून आणली. तिच्यात दोन्ही शू सारखाच जोर लावतात. प्लेटच्या मधल्या भोकात बुश बसवलं, ड्रम लेथवर गोल करून घेतला. शूवरच्या नव्या लायनरला खडू फासून चाक फिरवलं आणि जिथला खडू पुसला गेला तेवढंच कानशीने घासलं. असं चार वेळा. शेवटी लायनरच्या कडा तिरप्या केल्या.

“आता वाजायचा न्हाई,” ते म्हणाले. “गुरुजींना दर खेपंला म्हनायचो, कडा मारून देतो, पाच मिन्टाचं काम हाय. लई वराडतंय. तर म्हनायचे, राहू द्या.”

“का?”

“मास्तर मानसाला का म्हून कोन इचारनार?”

शनिवारी निघताना आईला फोन केला. रस्त्यात दोन-तीनदा उगीचच ब्रेक दाबून पाहिला. गाडी शहाण्यासारखी थांबत होती, आणि मी खूश होतो. मग आमचं वळण आलं. मी ब्रेक दाबला. गाडी मुकाट्याने थांबली. एकही कुत्रं उठलं नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हॉर्न वाजवावासा वाटला नाही. आत गेलो, तर आई स्वयंपाकघरात खिडकीकडे कान लावून उभी होती. मला बघून दचकली.

“अरे, आलास कधी? गाडी कुठंय?”

“दारात. ब्रेक नवा केला. आता वाजत नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “किती सांगायचे मी त्यांना, नीट करून घ्या, गल्लीत लाज वाटते. दर वेळी एकच उत्तर. मिस्त्रीला वेळ नाही.”

गॅसवरचं आधण आटून निम्मं झालं होतं. अंदाजाने ठेवलं होतं बिचारीने.

मी मिस्त्रींचं बोलणं तिला सांगितलं. सांगावं की नाही, हे ठरवायच्या आधीच सांगून बसलो.

“पाच मिनिटांचं काम?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि ते राहू द्या म्हणायचे?”

“दर खेपेला.”

तिने पातेल्यात आणखी पाणी ओतलं आणि ते उकळेपर्यंत माझ्याकडे पाठ करून तिथेच उभी राहिली.