खाडीकाठची हळद आणि बिनवायरचा फ्लॅश

आमच्या स्टुडिओत नवी वस्तू निवडायची ह्यांनी आणि वागवायची मी, असा नियम कधी पडला ते मला आठवत नाही. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची सोय नव्हती.

स्टुडिओ डोंबिवलीला, पूर्वेला. पुढे काउंटर, मागे पडदा आणि दोन दिवे. पासपोर्टचे फोटो, स्थळांना दाखवायचे मुलींचे फोटो, हे सगळं आमचे हे आत बसून काढायचे. बाहेरची कामं माझ्या वाट्याला आली, कारण हळदीला आणि डोहाळजेवणाला बायकांच्या घोळक्यात पुरुष फोटोग्राफर नकोसा वाटायचा. एकदा ह्यांच्याऐवजी मी गेले, फोटो बरे आले, आणि मग ठाण्या-कळव्यापासून कल्याणपर्यंत ‘त्या बाईंनाच पाठवा’ असे निरोप येऊ लागले. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट.

कटकट होती ती फ्लॅशची. घरात डोक्यावर छत असतं, फ्लॅशचं तोंड वर केलं की उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. अंगणात छत कुठून आणायचं? कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश थेट तोंडावर बसायचा. हळदीने आणि तेलाने माखलेले चेहरे चकाचक चमकायचे आणि मागे सगळं काळं ठार. नवरीला फोटो दाखवताना मलाच लाज वाटायची. फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला न्यायला हवा एवढं मला दुसऱ्या-तिसऱ्या हळदीतच कळलं होतं. मला हवी होती एक लांब गुंडाळीची वायर, फोनच्या रिसीव्हरला असते तशी. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात फ्लॅश, झालं काम.

ठाण्याला स्टेशनजवळ कॅमेऱ्याच्या सामानाचं एक दुकान होतं. तिथे आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने खुर्ची ह्यांना दिली, माहितीपत्रकं ह्यांच्या हातात दिली आणि बोललाही ह्यांच्याशीच.

“साहेब, आउटडोअरला तुम्हाला हाच सेट लागणार,” म्हणाला. “वायरबियर काही नाही. हा स्टँडवर लावायचा, उजेड मऊ करायला वर पांढरी छत्री. कॅमेऱ्यावर एक छोटा फ्लॅश ठेवायचा. छोटा उडाला की ह्याच्या डोळ्यावर उजेड पडतो आणि हा त्याच क्षणी उडतो. ह्याला स्लेव्ह म्हणतात.”

“मला वायरचा दाखवा,” मी म्हटलं.

“मॅडम, वायरमध्ये पब्लिक अडकतं,” तो ह्यांच्याकडे बघत म्हणाला.

“बरोबर आहे त्यांचं,” हे म्हणाले. “आता वायर कोण वापरतं?”

मी वापरणार होते, पण ते विचारतंय कोण? स्टँड, छत्री आणि तो बिनवायरचा फ्लॅश घरी आला. खांदा मात्र माझाच दुखणार होता.

नवरात्र चालू होतं, म्हणून ह्यांनी तो पारखायला टेंभी नाक्यावर नेला. देवीच्या दर्शनाची गर्दी, जिकडेतिकडे कॅमेरे. आम्ही स्टँड उभा करतोय न करतोय, तोच आमचा फ्लॅश आपोआप उडायला लागला. रांगेतल्या कुणीही फोटो काढला की हा पठ्ठ्या उडालाच.

“बघितलंस?” हे खूश. “केवढा तेज आहे! इतक्या लांबचाही उजेड पकडतो.”

“अहो, पण तो दुसऱ्यांच्या फोटोला उडतोय. आपली वेळ येईल तेव्हा चार्ज होत बसेल त्याचं काय?”

“तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस. लग्नात फोटोग्राफर आपणच असणार ना?”

ह्यांनी आयुष्यात एकही कोळीवाड्यातली हळद बघितली नव्हती. तिथे पाहुण्यांचेच कॅमेरे किती निघतात हे मी तिथल्या तिथे सांगितलंही. ऐकलं नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि कळव्याला खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरी हळदीचं काम आलं. मी दुपारीच पोचले. नवरी विशीतली, ठाण्याला कॉलेज केलेली. तिने मला बाजूला घेतलं.

“ताई, माझी आई फोटोत येनार नाय,” ती म्हणाली. “बाबा गेल्यापासून ती कुठल्याच कार्याला पुढे उभी राहत नाय. हळद पन लावनार नाय, बायका बोलतात. पन मी तिला ओढून आननार. एकदाच जमंल. तेवढा फोटो तुमी चुकवू नका.”

“चुकवणार नाही,” मी म्हटलं.

आई मला मागच्या दारी दिसली. बाजारात मासळी विकून हिनेच तिघी मुलींना शिकवलेलं. पाहुण्यांच्या जेवणाची सगळी सूत्रं तिच्या हातात, पण अंगणाची पायरी काही ती उतरत नव्हती. पायरीच्या बाजूलाच मी स्टँड लावला, म्हणजे ती खाली आली की उजेड बरोबर तिच्या तोंडावर पडेल. खाडीवरून वारा सुटला आणि पहिल्याच झटक्यात छत्री उलटी झाली. पोरंटोरं हसली. मी छत्री काढून पिशवीत कोंबली आणि नुसता फ्लॅश ठेवला.

दिवेलागणीला हळद सुरू झाली. बँड वाजायला लागला आणि कॅमेरे बाहेर निघाले. बोटीवर नोकरीला असलेले दोन चुलतभाऊ, आखातातून आलेला एक मामा, प्रत्येकाच्या गळ्यात फ्लॅशवाला ऑटोमॅटिक कॅमेरा. त्यांनी बटण दाबलं की माझा फ्लॅश उडे. मग तो कूं करत चार्ज होई, त्याचा लाल दिवा लागायची मी वाट बघे, आणि दिवा लागतोय तोच आणखी कुणीतरी फोटो काढी.

“ताई, तुमचा लाइट आमालाच लागू पडतोय,” एक चुलतभाऊ म्हणाला. त्याचे फोटो नक्की झकास आले असणार.

मी हात जोडले. जरा वेळ थांबा रे, म्हटलं. ते बिचारे थांबलेही. पण लग्नघरात थांबणार किती? नाच रंगला की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. मी मनातल्या मनात दुकानदाराला, त्याच्या खुर्चीला आणि खुर्चीत बसलेल्याला शिव्या घालत होते.

तेवढ्यात नवरीने माझ्याकडे बघून मान हलवली. ती पाटावरून उठली, मागच्या दाराशी गेली आणि तिने आईचं मनगट धरून ओढलं. आई पायरी उतरली. तिच्या तोंडावर आधी घाबरं हसू होतं, मग लेकीकडे बघता बघता ते नुसतं हसू झालं. नवरीने स्वतःच्या गालावरची हळद बोटाने काढून आईच्या गालाला लावली. मी कॅमेरा डोळ्याला लावून तयार होते. लाल दिवा लागलेला होता.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, मामाने नाचणाऱ्यांचा फोटो काढला. माझा फ्लॅश उडाला. मागोमाग मी बटण दाबलं, आणि नुसता कॅमेऱ्यावरचा चिमुकला उडाला.

“अगो बाय, तू कशाला आलीस मदी?” कुणीतरी म्हातारी म्हणाली. फार रागाने नाही, सवयीने म्हणाली. आईने पदराने गाल पुसला आणि ती वर निघून गेली. नवरी माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून नाही म्हटलं. ती पुन्हा आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली ती एकटीच.

लॅबमधून प्रिंट आले तेव्हा मी तो सगळ्यात आधी शोधला. चिमुकल्या फ्लॅशचा उजेड जेमतेम नवरीपर्यंत पोचला होता. मान वळवून हसणारी नवरी, कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि तिच्या मुठीत एक मनगट. त्याच्या पलीकडे काळोख. मी तो अल्बमच्या शेवटी लावला, टाकवेना म्हणून.

अल्बम न्यायला नवरी येईल असं वाटलं होतं. पण ती सासरी गेलेली, तेव्हा आईच डोंबिवलीला आली. काउंटरशी उभं राहून तिने एकेक पान उलटलं. प्रत्येक पानावर ती आधी कडेची माणसं बघत होती, हे माझ्या लक्षात आलं. सगळ्या अल्बममध्ये आपण नाही याची खात्री पटल्यावर ती म्हणाली, “बरं झालं. उद्या तिला तिकडं कोन बोलायला नको.”

मग शेवटचं पान आलं. ती त्या मनगटाकडे बघत राहिली. एवढ्या हळदीत बिनबांगड्यांचा हात तेवढा एकच होता.

“ह्यो काढा यातून,” ती म्हणाली.

मी फोटो सोडवला आणि बाजूला ठेवायला गेले, तर तिने हात पुढे केला. पिशवीतून स्वच्छ रुमाल काढला, फोटो त्यात गुंडाळला आणि चोळीत ठेवला. अल्बम वेगळ्या पिशवीत घातला, येते म्हणाली आणि गेली.

“बघ,” हे काउंटरमागून म्हणाले, “उगाच फ्लॅशला नावं ठेवतेस. तिला आवडला फोटो.”

त्या बाईला लेकीच्या चेहऱ्याशेजारी स्वतःचा चेहरा हवा होता, आणि आम्ही तिला मनगट देऊन घरी पाठवलं होतं.